अलास्कातल्या हेलिकॉप्टर आणि सीप्लेन सहली: पायलटला, गाइडला टिप किती, कधी आणि कशी?

तुमचा प्रश्न असा: जुलैमध्ये तुम्ही दोघं आणि तुमचे आई-वडील असे चौघे अलास्का क्रूझला निघालात. जुनोला हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरणार आहात, केचिकानला सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, मिस्टी फिओर्ड्सच्या उंच कड्यांमधल्या खाड्या बघणार आहात आणि एक दिवस व्हेल वॉचिंग आहे. क्रूझ कंपनी रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, खात्यातून वळती करून घेतेच. मग या सहलींवर पुन्हा वेगळी टिप द्यायची का? आणि पायलटसारख्या माणसाच्या हातात नोटा ठेवल्या तर त्याला ते अपमानास्पद वाटेल का?

अपमान अजिबात वाटणार नाही. टिप द्या. आकडा आधी सांगतो, कारणं नंतर. हेलिकॉप्टरच्या पायलटला माणशी 10 ते 15 डॉलर, म्हणजे चौघांचे मिळून 40 ते 60. सीप्लेनच्या पायलटलाही तेवढेच. हिमनदीवर वेगळा गाइड असेल तर त्याला माणशी 5 ते 10. व्हेलच्या बोटीवर माणशी 5 ते 10, हे कॅप्टन आणि निसर्गतज्ज्ञ मिळून दोघांचे. बंदरापासून नेणारा ड्रायव्हर वाटेत माहितीही सांगत असेल तर माणशी 2 ते 5. नुसतंच दहा मिनिटांचं सोडणं-आणणं असेल तर चौघांचे मिळून पाच डॉलर खूप झाले. जहाजावर रोज कापली जाणारी रक्कम केबिन, डायनिंग आणि जहाजावरच्या इतर कर्मचाऱ्यांसाठी असते. किनाऱ्यावरची सहल तुम्ही क्रूझमार्फत बुक केली असली तरी ती चालवणारी कंपनी स्थानिक असते, आणि त्या लोकांना जहाजाच्या पैशातलं काही मिळत नाही.

हे नियम नाहीत, रिवाज आहे. नाही दिलेत तर कुणी अडवणार नाही, टोकणारही नाही.

आता पायलटचं. एअरलाइनच्या पायलटला कुणी टिप देत नाही आणि द्यायचीही नसते. तो बंद दाराआड असतो, त्याचं काम तुम्हाला एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवणं एवढंच. सहलीचा पायलट म्हणजे अर्धा वैमानिक आणि अर्धा गाइड. सीप्लेनवर तर तोच तुम्हाला हात धरून फ्लोटवरून, म्हणजे विमानाच्या तरंगत्या पायावरून, आत चढवतो, आईंचा पट्टा नीट लागलाय का ते वाकून बघतो, हेडसेट डोक्यावर बसवून देतो, मग उडता उडता कडे कसे तयार झाले, खालच्या खाडीचं नाव काय, समोरच्या कड्यावरचे पांढरे ठिपके म्हणजे डोंगरी बकऱ्या आहेत, हे सांगत राहतो. परत आल्यावर धक्क्याला दोर बांधणाराही बहुतेक तोच. टिप असते ती या सगळ्याची. विमान उडवण्याचा पगार त्याला कंपनी देतेच.

या पगाराबद्दल आपल्याकडे एक अर्धवट माहिती फिरते, की अमेरिकेत टिपवरच माणसांचं पोट चालतं. काही राज्यांत हॉटेलातल्या वेटरच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. संघराज्याच्या कायद्यानुसार टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालक ताशी 2.13 डॉलर देऊन बाकीची भर टिपमधून धरू शकतो, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. पण अलास्कात ही सवलत मालकाला मिळत नाही. तिथे टिप मिळो न मिळो, राज्याचं पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. 1 जुलै 2025 पासून ते ताशी 13 डॉलर होतं आणि 1 जुलै 2026 पासून 14. तेव्हा टिप देताना त्याच्यावर उपकार करतोय असा भाव नको, आणि नाही दिली तर त्याची चूल पेटणार नाही अशी धास्तीही नको.

तरी लोक देतात, आणि त्यामागे हंगामाचा भाग मोठा आहे. मे ते सप्टेंबर एवढेच महिने तिथे पर्यटनाचे. बसचे ड्रायव्हर, बोटीवरचे निसर्गतज्ज्ञ, हिमनदीवरचे गाइड यातले बरेच जण दुसऱ्या राज्यांतून उन्हाळ्यापुरते आलेले असतात, चार-पाच जण मिळून एक घर भाड्याने घेतात आणि सप्टेंबरअखेर पांगतात. पायलटांत दोन तऱ्हा दिसतात. एक तरुण, तासांची बेगमी करणारे. अमेरिकेत एअरलाइनमध्ये जायला साधारण 1500 तासांचं उड्डाण लागतं, आणि छोटं विमान भाड्याने प्रवासी घेऊन डोळ्यांनी बाहेर बघत उडवायला, म्हणजे व्हीएफआर पद्धतीने, मुख्य पायलटला किमान 500. मधलं अंतर अनेक जण अशा सहलींवर कापतात. दुसरे पिकलेल्या केसांचे, ज्यांनी आयुष्यभर याच खाड्यांवरून विमानं नेली आहेत आणि ज्यांना एअरलाइनमध्ये जायचंच नाही. टिपच्या बाबतीत दोघांत फरक करू नका. मला स्वतःला दुसऱ्या तऱ्हेचे पायलट जास्त आवडतात, कारण ते कमी बोलतात आणि हवेकडे जास्त बघतात, पण ती माझी आवड झाली.

टक्केवारीत शिरू नका. रेस्टॉरंटमधला पंधरा-वीस टक्क्यांचा हिशेब इथे लावायला गेलात तर 400 डॉलरच्या तिकिटावर माणशी 60 ते 80 डॉलर होतात, चौघांचे तीनशेच्या घरात. इतकी अपेक्षा कुणीही ठेवत नाही. हेलिकॉप्टरच्या तिकिटातला मोठा वाटा इंधन, विमा आणि देखभालीत जातो. तिकीट महाग म्हणून पायलटचं काम चौपट झालं असं नाही. टक्केवारी चालते ती मासेमारीच्या खाजगी बोटीवर. तिथे बोटीच्या भाड्याच्या 15 ते 20 टक्के देतात, आणि ते बहुतेक डेकवर गळ लावून देणाऱ्या, मासे साफ करून देणाऱ्या मदतनिसाच्या हाती जातात. तुमच्या यादीत ती सहल नाही, म्हणून पुढे जातो.

कधी आणि कसे द्यायचे, यात लोकांची खरी तारांबळ उडते. हेलिकॉप्टरच्या बाबतीत तर नक्कीच. जुनोच्या तळावर तुमचं वजन होतं, बुटांवरून चढवायचे जाड बूट मिळतात, सुरक्षेची फिल्म दाखवतात आणि मग जमिनीवरचा कर्मचारी तुम्हाला रांगेने हेलिकॉप्टरपर्यंत नेतो. पुष्कळदा पंखा फिरतच असतो आणि पायलट कंट्रोल सोडत नाही. परत आल्यावरही तसंच: दार बाहेरून कर्मचारी उघडतो, खांद्यावर हात ठेवून तुम्हाला वाकून पुढच्या बाजूने चालवत नेतो, आणि पुढची रांग तयारच असते. अशा वेळी पाकीट काढून नोटा मोजत उभं राहणं शक्य नसतं, आणि शहाणपणाचंही नाही. फिरत्या पंख्याखाली हातातली नोट उडाली तर तिच्यामागे धावण्याचा मोह कुणाला होऊ नये. शेपटीकडच्या पंख्याच्या बाजूला तर कुठल्याही कारणाने जायचं नाही.

म्हणून नोटा आधीच घडी घालून जॅकेटच्या चेनवाल्या खिशात ठेवा. हेलिकॉप्टर टेकलं की दार उघडायच्या आधी मिनिटभर मिळतं. तुमच्यापैकी जो पुढे, पायलटशेजारी बसला असेल त्याने ती घडी त्याच्या हातात द्यावी आणि थँक यू म्हणावं. पुढची जागा तुमच्यातल्या कुणाला मिळाली नाही, तर तळाच्या काउंटरवर पाकीट मागा, त्यावर पायलटचं नाव लिहा आणि तिथल्या मुलीकडे द्या. हे रोजचं आहे, कुणाला नवल वाटत नाही. पायलट सुरुवातीला नाव सांगतो ते तेवढ्यासाठी लक्षात ठेवा.

यात एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. हिमनदीवर सोडणारा आणि परत आणणारा पायलट एकच असेल असं नाही. हेलिकॉप्टर रिक्षांसारखी खेपा करत असतात, जे मोकळं असेल ते तुम्हाला उचलतं. म्हणून ठरवलेल्या पैशांच्या दोन घड्या करा. जाताना 20, येताना 20. पायलट तोच निघाला तर दुसरी घडीही त्याचीच.

सीप्लेनला ही कटकट नाही. विमान धक्क्याला लागतं, इंजिन बंद होतं, पायलट खाली उतरून एकेकाला हात देतो. त्याच क्षणी, हातात हात असताना, घडी सरकवायची. मोठ्याने आकडा सांगायचा नाही, बाकीच्या प्रवाशांकडे बघायचं नाही.

आता एक प्रसंग सांगतो, कारण असं करणारे दर हंगामात भेटतात. जुनोच्या तळावर आमच्या ग्रुपमधले एक काका वजनाच्या काट्यावरून उतरले आणि रांगेतच त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्यापुढे वीस डॉलरची नोट धरली. पुढची सीट पाहिजे होती, फोटोसाठी. त्या मुलाने नोट त्यांच्याच खिशात परत ठेवली, काट्याकडे बोट दाखवलं आणि हसून म्हणाला, "सीट तो ठरवतो." काका ओशाळले, पण तो मुलगा खरंच सांगत होता. छोट्या विमानात आणि हेलिकॉप्टरमध्ये कोण कुठे बसणार हे वजनाचा तोल बघून ठरतं. पुढे सहसा हलका माणूस बसतो. काकांची बायको पुढे बसली आणि सगळे फोटो तिने काढले. तेव्हा आगाऊ टिप देऊन जागा मिळवायचा प्रयत्न करू नका. टिप शेवटीच.

आणि पैशाचं दुसरं आमिष तर याहून वाईट: "अजून थोडं जवळून न्या," "जरा खाली घ्या," "ढग आहेत तरी बघा ना जमलं तर." हे गमतीनेही म्हणू नका. 25 जून 2015 ला केचिकानजवळ एक ऑटर जातीचं सीप्लेन मिस्टी फिओर्ड्स दाखवून परत येताना डोंगरावर आदळलं. क्रूझचे आठ प्रवासी आणि पायलट, नऊच्या नऊ जण गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, कारण दिलं त्यात पायलट समोर नीट दिसत नसतानाही पुढे जात राहिला हे होतंच. पण त्यासोबत वाईट हवेत उडण्याला मूक संमती देणारं कंपनीतलं वातावरण आणि तिथल्या हवाई सहलींच्या धंद्यातल्या स्पर्धेचा दबाव यांवरही ठपका होता. जहाज ठरल्या वेळी सुटणार, प्रवाशांनी शेकडो डॉलर मोजलेले, आणि पायलट एकटा. त्या एकट्या माणसावर आपल्या बाजूने आणखी दडपण टाकायचं कशाला?

म्हणून माझा ग्रुपमध्ये एकच हट्ट असतो. पायलट अर्ध्यातून परत फिरला, तर टिप पूर्ण द्यायची. हवा बिघडली, ढग उतरले, त्याने तोंड वळवलं, तुम्हाला ठरलेली हिमनदी दिसली नाही. अशा वेळी खिसा आवळून चालू पडायची इच्छा होते, हे मी अनेकदा पाहिलंय. तिकिटाच्या परताव्याचं कंपनीशी बोला, ते तुमचं रास्त भांडण आहे. पायलटने मात्र त्या दिवशी त्याच्या कामातला सगळ्यात अवघड भाग केलेला असतो. उड्डाण सुरूच झालं नाही, तळावरूनच रद्द झालं, तर पायलटला टिप द्यायचा प्रश्न येत नाही. बसवाल्याने आणून परत सोडलं असेल तर त्याचे दोन-चार डॉलर मात्र द्या.

व्हेलच्या बाबतीतही हाच न्याय. अलास्कात हंपबॅक व्हेलच्या 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 90 मीटरच्या आत, बोटीने जायला कायद्याने मनाई आहे. तुमच्या बोटीचा कॅप्टन इंजिन थांबवून लांब उभा राहतो आणि दुसरी बोट जवळ दिसते, तेव्हा लोक कुरकुरतात. तो नियम पाळतोय. शेपटी दिसली, उडी दिसली नाही म्हणून पैसे कमी करायचे, हे काही बरोबर नाही. कापायचे तर कामासाठी कापा: गाइड सहलभर फोनवर होता, आईंना बोटीत चढताना कुणी हात दिला नाही, माहिती पाठ केल्यासारखी घडाघडा म्हटली. तिथे मी स्वतः हात आखडता घेतो, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. बोटीवर बहुतेक उतरायच्या फळीजवळ बरणी किंवा बादली असते. त्यात टाका, कॅप्टन आणि निसर्गतज्ज्ञ वाटून घेतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हिमनदीवर कुत्र्यांच्या स्लेजची सहल ऐन वेळी घेतलीत तर तिथल्या मशरला, म्हणजे कुत्र्यांचा ताफा हाकणाऱ्याला, माणशी 10 डॉलर ठेवा. हे लोक उन्हाळ्यात त्या बर्फावरच तंबूत राहतात, कुत्र्यांसकट. पन्नासेक कुत्र्यांना खाऊ घालणं, त्यांच्याखालची घाण उचलणं, पंजे तपासणं हे तुम्ही यायच्या आधी आणि गेल्यावर चालतं. त्यातले काही इडिटरॉड शर्यतीची तयारी करणारे असतात, अँकरेज ते नोम, साधारण हजार मैलांची. तिथे पायलट आणि मशर, दोघांचे पैसे वेगवेगळे.

एका माणसाला मात्र टिप देऊ नका: रेंजरला. तुमचं जहाज ग्लेशियर बेमध्ये जाणार असेल तर राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर सकाळी छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. ते सरकारी नोकर आहेत, रोख पैसे घ्यायला त्यांना मनाई आहे. पुढे केलेत तर त्यांचीच अडचण होते. प्रश्न विचारा, त्यांना ते जास्त आवडतं.

कंपनीचा मालकच पायलट असेल तर? जुना संकेत असा की मालकाला टिप देत नाहीत. हल्ली बरेच जण देतात आणि बरेच मालक घेतात. मी देत नाही. त्याऐवजी त्याच्या नावासकट चार ओळींचा चांगला रिव्ह्यू लिहितो, छोट्या कंपनीला तो जास्त उपयोगी पडतो. नोकरीतल्या पायलटबद्दलही लिहा, पण टिपऐवजी नको, टिपच्या जोडीने.

पैसे कुठल्या रूपात, हा भाग इथूनच सोडवून जा. निघताना परकीय चलन घेता तेव्हा 100 आणि 50 च्या नोटा पुढे येतात. अडून बसा आणि 5, 10, 20 च्या मागा, थोड्या 1 च्याही. जहाजावरच्या काउंटरवर सुट्टे मिळतात, पण बंदराच्या दिवशी सकाळी तिथे रांग असते आणि त्यांच्याकडचे सुट्टे संपलेले असतात. आदल्या रात्रीच करून ठेवा. नाणी देऊ नका, रुपयाच्या नोटा तर नकोतच. आठवण म्हणून द्यायची हौस असेल तर डॉलरच्या सोबत द्या. हल्ली बरेच गाइड गळ्यातल्या कार्डावर व्हेन्मोचा, म्हणजे पैसे पाठवायच्या तिकडच्या ॲपचा, क्यूआर कोड दाखवतात. त्याला अमेरिकेतलं बँक खातं लागतं, आपल्या फोनवरून चालणार नाही. यूपीआय उघडून धडपडण्यात वेळ घालवू नका.

ऑनलाइन बुकिंग करताना शेवटच्या पानावर 15, 18, 20 टक्के टिपचा पर्याय येतो. तो मी रिकामा ठेवतो. 2018 पासून अमेरिकेत मालकाला किंवा मॅनेजरला कर्मचाऱ्यांची टिप स्वतःकडे ठेवायला बंदी आहे, म्हणजे पैसे बुडणार नाहीत. पण ते कुणाकुणात वाटले जातील ते कळत नाही, आणि काम बघायच्या आधी टिप कसली? पावतीवर "ग्रॅच्युइटी इन्क्लुडेड" असं आधीच लिहिलं असेल तर पुन्हा द्यायची गरज नाही. टूर कंपनीसोबत जाणार असाल आणि त्यांनी टिपचे पैसे आधीच घेतले असतील, तर निघायच्या आधी एकच प्रश्न विचारा: यात ऑप्शनल सहलींचे पायलट आणि गाइड धरलेत का? बहुतेक वेळा नसतात.

हा हिशेब अमेरिकेपुरता आहे. व्हँकुव्हरहून जहाज पकडणार असाल तर कॅनडातही रिवाज असाच, फक्त कॅनडाच्या डॉलरमध्ये द्या. पुढे कधी न्यूझीलंडच्या हिमनद्यांवर किंवा आइसलँडला गेलात तर तिथे टिपची अपेक्षा नसते, आणि जपानमध्ये तर दिलेली नोट मागे धावत येऊन परत करतात.

तुमच्या चौघांसाठी तीन सहली, दोन-तीन बसच्या फेऱ्या आणि थोडी वरखाली धरून साधारण 220 डॉलर वेगळ्या पाकिटात काढा: 20 च्या पाच, 10 च्या सात, 5 च्या आठ आणि 1 च्या दहा नोटा. केचिकानच्या सीप्लेनचं तिकीट अजून पक्कं केलं नसेल तर सकाळची वेळ मिळते का बघा, म्हणजे हवेमुळे उशीर झाला तरी जहाज सुटायच्या आत पुढे ढकलायला जागा राहते.